विरघळणारी परांची

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 विषय विज्ञानाचा आणि वक्ता बँकेतला कारकून, तोही कला शाखेचा पदवीधर, हे ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. ते हसू रास्त आहे. आम्ही बी. ए.ला मराठी आणि इतिहास घेतला. दहावीनंतर रसायनशास्त्राशी आमचा संबंध आला तो घरातल्या साबण-सोड्यापुरता. मग हा विषय का निवडला? त्याला एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो.

आमच्या शाखेत एक काका येत असत. नगरपालिकेतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या घरातले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन काढायला येत, आणि खिडकीशी उभे राहताना एक हात भिंतीला टेकवत. दोन्ही गुडघे झिजले होते. एके दिवशी ते मुदत ठेवीची पावती घेऊन आले. दोन लाखांची ठेव, मुदत संपायला चौदा महिने बाकी.

आम्ही म्हणालो, "काका, आता मोडलीत तर व्याज कमी मिळेल."

ते म्हणाले, "गुडघा चालू झाला की व्याजाचं काय करायचंय, भाऊ?"

त्यांनी पिशवीतून एक रंगीत हस्तपत्रक काढून दाखवले. शहरातल्या कोणत्या तरी दवाखान्याचे होते. गुडघ्यात पेशींचे इंजेक्शन द्यायचे, झिजलेली गादी पुन्हा उगवते, शस्त्रक्रिया नाही, असा मजकूर होता. आणि वर एक छायाचित्र होते. एका बिनकेसाच्या उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवलेला! काका म्हणाले, "उंदराच्या पाठीवर कान उगवतो, तर माझ्या गुडघ्यात गादी का उगवणार नाही?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही अर्ज पुढे सरकवला, सही घेतली, रक्कम खात्यात जमा केली. नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नाही.

सहा-सात महिन्यांनी काका पुन्हा आले. आता भिंतीऐवजी हातात काठी होती. पैसे गेले होते, गुडघा तसाच होता. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच विचारले, "भाऊ, ते उंदराचं चित्र खोटं होतं का हो?"

बंधू-भगिनींनो, त्या प्रश्नाने आम्हाला झोप लागेना. पुढे जवळजवळ वर्षभर आम्ही ग्रंथालयात बसून, कळेल तेवढे वाचून, न कळेल ते आमच्या एका विज्ञान शिक्षक मित्राला विचारून उत्तर शोधले. उत्तर असे की, चित्र खरे होते. आश्वासन खोटे होते. त्या दोहोंमधले अंतर नेमके किती, हे सांगण्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

मुळापासून पाहू. आपल्या वस्तीतल्या कितीतरी लोकांनी बांधकामावर मजुरी केली आहे. इमारत वर चढवायची तर आधी परांची बांधावी लागते. स्लॅब ओतायचा तर खाली सेंट्रिंग लागते. ओले काँक्रीट स्वतःच्या बळावर हवेत उभे राहत नाही. शरीरातल्या पेशींचेही तसेच आहे. पेशी नुसत्या बशीत वाढवल्या तर त्या तळाशी पातळ थर करून पसरतात. त्यांचा कान होत नाही, हाड होत नाही, गादी होत नाही. त्यांना आकार हवा, धरायला जागा हवी. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी एक परांची बांधतात. इंग्रजीत तिला जे नाव आहे, स्कॅफोल्ड, त्याचा अर्थही परांची असाच आहे. फरक एवढाच, की इमारतीची परांची मजूर सोडवतात. शरीरात शिरून परांची सोडवायला कोण जाणार? म्हणून ती अशा पदार्थाची करतात, की काम झाले म्हणजे ती आपोआप विरघळून जाईल.

असा पदार्थ मिळतो का? मिळतो, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये विरघळणारे टाके घालतात, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. असा पहिला कृत्रिम धागा, पॉलिग्लायकोलिक आम्लाचा, १९७०च्या सुमारास बाजारात आला. त्याचा भाऊबंद म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातले आम्ल. शीले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसातही सापडते. या आम्लांचे लहान रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक ओवले, की घट्ट प्लॅस्टिकसारखा पदार्थ तयार होतो. अशा माळेला पॉलिमर म्हणतात. शरीरातले पाणी या माळेची एकेक गाठ सोडवत जाते, मणी सुटे होतात, आणि शरीर त्यांचा निकाल लावते. शेवटी उरते पाणी आणि कार्बन डायॉक्साइड.

आता मुख्य गोष्ट. या प्लॅस्टिकचा भरीव ठोकळा गुडघ्यात ठेवून उपयोग नाही. पेशींना आत शिरायला वाट हवी, अन्न-पाणी आत जायला आणि मळ बाहेर यायला वाट हवी. म्हणजे परांची जाळीदार हवी. घरात घावन किंवा ढोकळा करताना आपण म्हणतो, "जाळी पडली पाहिजे." शास्त्रज्ञांची सगळी खटपट ही जाळी पाडण्याची आहे. आणि नुसती भोके असून चालत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला दार हवे, तशी भोके एकमेकांना जोडलेली हवीत.

ही जाळी पाडण्याची सर्वांत सोपी युक्ती मिठाची आहे. अमेरिकेत अँटोनियोस मिकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती या कामासाठी नावारूपाला आणली. आम्हाला ती वाचताना फार आनंद झाला, कारण ती कला शाखेच्या माणसालाही समजते.

प्रथम मीठ दोन चाळण्यांतून चाळून एकसारख्या कणांचे घेतात. समजा, अडीचशे ते चारशे मायक्रॉनचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या जेवणातल्या बारीक मिठाचा कण याच्याच आसपासचा असतो. मग पॉलिमर क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवतात. त्यात मीठ विरघळत नाही, हे महत्त्वाचे. एक भाग पॉलिमर आणि नऊ भाग मीठ, असे वजनाचे प्रमाण धरून मिश्रण बशीत ओततात. द्रावक उडून गेला की मिठाने गच्च भरलेली वडी उरते. राहिलेला द्रावक निर्वातात काढून टाकतात, कारण तो पेशींना विष आहे. मग ती वडी शुद्ध पाण्यात ठेवतात आणि पाणी पुन्हा पुन्हा बदलत साधारण दोन दिवस धुतात. मीठ पाण्यात निघून जाते. मिठाच्या कणाच्या जागी तेवढीच पोकळी राहते. वर सांगितलेल्या प्रमाणाने हिशेब केला, तर वडीच्या आकारमानात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग पोकळी आणि बाकीचे पॉलिमर, असे होते.

इतके मीठ कशासाठी? कमी मीठ घातले तर प्रत्येक कणाभोवती पॉलिमरची भिंत तयार होते. कण एकमेकांना टेकत नाहीत. मग पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही, मीठ आतच अडकते, आणि खोल्या होतात पण दारे होत नाहीत. मीठ भरपूर असले की कणाला कण टेकतो, आणि जिथे टेकला तिथे दार उघडते.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. वडी दोनेक मिलिमीटरहून जाड केली तर आतले मीठ नीट धुतले जात नाही. जाड वस्तू हवी असेल तर पातळ थर एकावर एक चिकटवावे लागतात. हा पदार्थ पाण्याला सहज जवळ करत नाही, म्हणून पेशी पेरण्याआधी तो अल्कोहोलमध्ये भिजवावा लागतो, तेव्हा कुठे ओल आत शिरते. जंतू मारण्यासाठी वाफेच्या भांड्यात घालावा तर तो बिघडतो, म्हणून वायू किंवा किरणांचा उपाय करावा लागतो. एकेक पायरी अशी जपावी लागते.

द्रावकाचे विष टाळण्यासाठी डेव्हिड मूनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दुसरी रीत मांडली. पॉलिमरची वडी कार्बन डायॉक्साइड वायूच्या प्रचंड दाबाखाली तीन दिवस ठेवायची आणि दाब एकदम सोडायचा. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर फेस येतो, तसा पॉलिमर आतून फुगतो. पण यात भोके बरीचशी बंद राहतात. म्हणून पुढे पुन्हा मिठाचीच मदत घेतली गेली. तिसरी रीत गोठवण्याची आहे. मिश्रण गोठवले की बर्फाचे स्फटिक होतात, ते निर्वातात उडवून दिले की स्फटिकांच्या जागी पोकळी राहते. बॉस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क आणि शास्त्रज्ञ यानास यांनी याच रीतीने कोलॅजेनचा सच्छिद्र पडदा केला आणि भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर तो लावला. त्याचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि १९९६ साली अमेरिकी सरकारने त्या कृत्रिम त्वचेला मान्यता दिली. म्हणजे ही सगळी कल्पनेची भरारी नाही. या विद्येने खरोखर जीव वाचले आहेत.

आता उंदराकडे येऊ. बॉस्टनमधलेच बालशल्यविशारद जोसेफ व्हकांटी लहान मुलांच्या यकृतावर शस्त्रक्रिया करीत. दाते मिळत नाहीत म्हणून मुले डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली. त्यांनी रॉबर्ट लँगर या रासायनिक अभियंत्याची साथ घेतली, आणि १९९३ साली दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात या नव्या शास्त्राची मांडणी केली. त्यांच्याच मंडळींनी, जोसेफ यांचे बंधू चार्ल्स व्हकांटी यांच्या पुढाकाराने, तो कान केला. त्याचा वृत्तांत १९९७ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलाच्या कानाचा आकार घेऊन पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या धाग्यांची जाळी बनवली. ती टिकावी म्हणून तिला पॉलिलॅक्टिक आम्लाचे बळ दिले. तिच्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या आणि ती उंदराच्या पाठीच्या कातडीखाली ठेवली. बारा आठवड्यांत कूर्चा तयार झाली.

म्हणजे उंदराला कान 'उगवला' नव्हता. पेशी वासराच्या, आकार परांचीचा, आणि उंदीर हा केवळ पोसणारा. तो उंदीरही असा, की परके काही आले तरी त्याचे शरीर विरोध करीत नाही. त्या कानाने काही ऐकू येत नव्हते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती करणे त्यातल्या त्यात सोपे. इतर बहुतेक पेशींना रक्तवाहिनीपासून एक-दोनशे मायक्रॉनच्या आत राहावे लागते, नाही तर प्राणवायू पोचत नाही. दोन-तीन केसांच्या जाडीइतके हे अंतर! पातळ त्वचा करता येते, पण आख्खे मूत्रपिंड करता येत नाही, याचे मोठे कारण हेच.

आणखी एक अडचण आम्हाला बँकेच्या भाषेत चटकन उमजली. परांची खर्ची पडत जाते आणि नवी ऊती जमा होत जाते. ही दोन खाती रोज जुळली पाहिजेत. परांची लवकर विरघळली तर अर्धवट ऊती कोसळते. उशिरा विरघळली तर ती नव्या ऊतीची जागा अडवून बसते. नुसते ग्लायकोलिक घेतले तर धाग्याचे बळ काही आठवड्यांतच जाते. नुसते लॅक्टिक घेतले तर त्याच्या एका प्रकाराला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर साधारण एक-दोन महिने. आणि जाड तुकडा आतून आधी विरतो, कारण सुटलेले आम्ल मध्यभागी साचते आणि ते विरघळण्याचा वेग वाढवते. वरून शाबूत, आतून पोकळ. अशी खातीही आम्ही पाहिली आहेत!

या विद्येचा ताळेबंद मांडताना तिचे अपयशही सांगितले पाहिजे. अँथनी अटाला यांनी २००६ साली सात मुला-तरुणांच्या मूत्राशयाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्याच पेशी विरघळणाऱ्या परांचीवर वाढवून मूत्राशयाला जोडल्या होत्या. जगभर आनंद झाला. पण पुढे अनेक रुग्णालयांत मिळून जी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ साली आला, तो असा की अपेक्षित फायदा दिसला नाही आणि गंभीर त्रास मात्र झाले. संशोधकांनी तेही छापले. आमच्या मते विज्ञानाचा खरा मोठेपणा या दुसऱ्या कागदात आहे.

याउलट दुसरे उदाहरण स्टॉकहोमचे. पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने २०११ आणि २०१२ साली तेथे तीन रुग्णांना प्लॅस्टिकच्या कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. त्यांवर रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी पेरल्या होत्या. ते प्लॅस्टिक विरघळणारे नव्हते, आणि प्राण्यांवरच्या पुरेशा चाचण्या आधी झाल्या नव्हत्या. तिन्ही रुग्ण पुढे दगावले. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची कैद ठोठावली. म्हणजे नामांकित संस्था, नामांकित डॉक्टर आणि वर्तमानपत्रांतली वाहवा, यांपैकी एकही गोष्ट पुरावा होत नाही.

आता काकांचा गुडघा. गुडघ्याच्या कूर्चेवर पेशींचा उपचार आहे का? आहे. स्वीडनमधील ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांनी १९९४ साली तेवीस रुग्णांचा वृत्तांत दिला. रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा लहान तुकडा घ्यायचा, पेशी वाढवायच्या, शस्त्रक्रिया करून त्या कूर्चेतल्या खड्ड्यात सोडायच्या आणि वर हाडाच्या आवरणाचे ठिगळ शिवायचे. पुढे पेशी कोलॅजेनच्या पडद्यावर पेरून बसवण्याची रीत आली, तिला अमेरिकेत डिसेंबर २०१६मध्ये मान्यता मिळाली. पण नीट ऐका. हा उपचार खड्ड्याचा आहे. मार लागून एका जागी टवका उडाला, आणि भोवतालची कूर्चा धड आहे, अशा गुडघ्याचा. रस्त्यावरचा खड्डा बुजवता येतो, पण सगळा रस्ताच उखडला असेल तर ठिगळ कशाला चिकटणार? काकांचे दोन्ही गुडघे वयाने सगळीकडून झिजले होते. आणि त्यांना मिळाली होती नुसती सुई. परांची नाही, ठिगळ नाही. त्या पेशी सांध्यात कुठे बसणार आणि कोणता आकार धरणार, हे विचारायला त्यांच्याजवळ कोणी नव्हते. आम्ही होतो, पण आम्हालाच ठाऊक नव्हते.

कायद्याची बाजूही सांगतो. काकांच्या पत्रकात 'मूलपेशी' असा शब्द होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की रक्ताच्या काही आजारांसाठी करतात ते मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा बाकी सर्व वापर हा प्रयोग समजावा. तो मंजुरी घेतलेल्या चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. अशा चाचण्यांची देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद असते आणि ती कोणालाही पाहता येते.

म्हणून, बंधू-भगिनींनो, आमची विनंती एवढीच आहे. घरातला कोणी असे पत्रक घेऊन आला तर त्याला हसू नका, आणि आमच्यासारखा अर्जही मुकाट्याने पुढे सरकवू नका. चार प्रश्न विचारायला लावा. पेशी कोणाच्या आणि कुठल्या? त्यांना धरून ठेवणारी परांची कशाची, आणि ती किती दिवसांत विरते? हा मान्य उपचार आहे की प्रयोग, आणि प्रयोग असेल तर नोंदणी क्रमांक काय? आणि प्रयोग असेल तर पैसे कशाचे? या प्रश्नांची सरळ उत्तरे जिथे मिळत नाहीत, तिथे ठेव मोडू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला वेगळे सांगायचे आहे. ही विद्या अपुरी आहे, म्हणजेच तिच्यात काम शिल्लक आहे. परांचीत रक्तवाहिन्या कशा आणाव्यात, दोन्ही खाती कशी जुळवावीत, हे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. चाळणी, मीठ आणि पाणी यांतून ज्यांना वाट सुचली, ती आपल्यासारखीच माणसे होती. आपल्या वस्तीतल्या बापांनी परांच्या बांधल्या. लेकींनी आणि लेकांनी ही दुसरी परांची बांधायला शिकावे, असे आम्हाला फार वाटते.

काकांना आम्ही नंतर सगळे समजावून सांगितले. चित्र खरे होते, हे ऐकून त्यांना उलट बरे वाटले. म्हणाले, "म्हणजे मी अगदीच मूर्ख नव्हतो." त्यांना आम्ही सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि योजनेचे कागद आम्ही भरून दिले आहेत. त्यांचा नंबर लागण्याची आम्ही वाट पाहत आहोत.

आमच्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.